सुताचं दुसरं टोक

रविवार, ३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणून सांग. ऐकणार नाहीत, तरी सांग. आणि बाबांना म्हणावं, माझ्या पदवीचा कागद दारावरून काढून आत लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वर करून बघायला लावतात, मागच्या खेपेला पोस्टमनची पायरी चुकली.

तू म्हणशील, फोन सोडून हे पत्र कशाला. इथली परिस्थिती तुला ठाऊक आहे. खाली यंत्रमाग सुरू झाले की वरच्या खोलीतली भांडीसुद्धा फळीवरून सरकतात. फोनवर ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगता येतं ते बहुतेक सांगण्यासारखं नसतं. मला जे सांगायचंय ते हळू सांगायचं आहे.

आधी चांगल्या बातम्या. कांडी पुढच्या महिन्यात वर्षाची होईल. जन्मली तेव्हा मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांडीएवढी दिसत होती, म्हणून सासूबाईंनी हे नाव पाडलं. आता तिचं चांगलं गाठोडं झालंय, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वर-खाली दात आलेत आणि ते सगळे ती माझ्या खांद्यावर वापरून बघते. पलंग धरून उभी राहते, कडेकडेने सरकते. चिमटीत भाताचं शीत उचलते, आधी आपल्याला दाखवते आणि मग खाते. हवं ते बोटाने दाखवते. वाटी खाली टाकते, मी उचलून देते, ती पुन्हा टाकते. हे तिचे प्रयोग चाललेत, वस्तू कुठे जातात ते ती शिकतेय, असं मी यांना समजावून सांगितलं. हे म्हणाले, "मग प्रयोगशाळा तूच पूस."

बोलणं अजून नाही. ते प्रत्येकाचं आपापल्या वेळी येतं. असो.

ताई, कांडी रडत नाही. भूक लागली तरी नाही, पडली तरी फारसं नाही, आणि सकाळी मी शाळेला निघते तेव्हा तर मुळीच नाही. माझ्या वर्गातली मुलं पेन्सिलीचं टोक मोडलं तरी गळा काढतात, आणि ही एवढीशी पोर एखाद्या ऋषीसारखी बसून माझ्याकडे बघते. शेजारपाजार कौतुक करतो. सासूबाई म्हणतात, "गुणाची आहे. आजीवर गेली." दुपारी घरी येते तेव्हा ती झोळीत गाढ झोपलेली असते. खाली माग धडधडत असतात आणि हिची पापणीसुद्धा हलत नाही. असं कुठलं मूल झोपतं?

लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंनी हसत हसत सांगितलेली गोष्ट मी तुला सांगितली होती, आठवते? त्यांच्या वेळी बायका तान्ह्या पोरांना बोटभर काहीतरी गुंगीचं चाटवायच्या आणि मागावर जायच्या. "संध्याकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा मीही हसले होते.

आता हसू येत नाही. मी शाळेतून आल्यावर आधी कांडीचं तोंड हुंगते. तुला वेडेपणा वाटेल, पण तिच्या अंगाला एक उग्र, तेलकट वास येतो. सासूबाईंच्या कपाटात, कपड्यांच्या मागे एक तपकिरी बाटली आहे. मी खोलीत गेले की कपाटाचं दार लागतं. आणि परवा अंघोळ घालताना कांडीच्या डाव्या घोट्याभोवती एक बारीक लाल रेघ दिसली. मोज्याची म्हणावी तर या उकाड्यात मोजे कोण घालतं? मी तशीच खाली वाकून, रेघेवर बोट फिरवत विचारलं, "आई, हे कशानं झालं?"

त्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "हो ना, वजन चांगलं धरलंय."

ताई, मी वजनाचं विचारलं नव्हतं. हल्ली त्या असाच विषय बदलतात. आधी वाटलं वयामुळे असेल. पण नेमक्या अडचणीच्या प्रश्नालाच वय कसं आडवं येतं?

कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे ते शोधून काढीन. वाचून झालं की हे फाडून टाक, भाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस, ते लगेच "सासू-सुनेचं सुरू झालं" म्हणतील. हे सासू-सुनेचं नाही.

तुझी,
धाकटी


गुरुवार, १४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. "सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी जुनी खोड आहे" हे वाक्य दोनदा वाचलं. तू मोठी आहेस, बोलायचा हक्क आहे तुला. तू शाळा सोडून शिवणयंत्रावर बसलीस म्हणून मी कॉलेजची पायरी चढले, हे मी विसरलेले नाही. पण तूच म्हणायचीस ना, शिकलेल्या माणसाने डोळे उघडे ठेवावेत, आपलं घर असलं तरी. मी तेच करतेय.

सासूबाई भाजीला गेल्या तेव्हा मी त्यांचं कपाट उघडलं. मुलांना रोज सांगते, न विचारता दुसऱ्याच्या दप्तराला हात लावू नये. मी लावला. बाटलीचं बूच काढलं तर लसणाचा वास. लसूण घालून कढवलेलं तेल. पहिल्यांदा हायसं वाटलं. मग विचार आला, लसूण कशाला? दुसरा कसला तरी वास मारायला तर घातली नसेल? आणि साधं तेलच आहे तर ते कपड्यांमागे का ठेवायचं? ताकाला जाऊन भांडं कोण लपवतं?

मग काल मी पाळत ठेवली. मधल्या सुट्टीनंतरचा माझा वर्ग चित्रकलेच्या बाईंनी घेतला आणि मी पोट दुखतंय म्हणून निघाले. आपल्याच घराचा जिना चोरासारखी चढले. मागांच्या आवाजात तशीही पावलं ऐकू येत नाहीत. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून बघितलं.

सासूबाई ओट्याशी, दाराकडे पाठ करून. शेगडीवर पाणी उकळत होतं. खोलीच्या मधोमध सतरंजीवर कांडी बसलेली. आणि ताई, तिच्या घोट्याला सूत बांधलेलं. मागावरचं पांढरं, पीळ घातलेलं सूत. ते जमिनीवरून जाऊन ओट्याच्या पलीकडे कुठेतरी अडकवलेलं होतं, मला टोक दिसलं नाही. शेळी बांधतात तशी माझी मुलगी बांधलेली होती.

मी आत शिरले. सासूबाईंना पत्ता नाही. कांडीने मला बघून दोन्ही हात हलवले, पाय झाडला, तशा त्या गर्रकन वळल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यावर माणूस दचकतो, अगदी तसा. "अगंबाई, आज लवकर?" म्हणाल्या आणि खाली बसून दातांनी ते सूत तोडलं, गोळा करून कनवटीला खोचलं. जणू मी आंधळीच आहे.

"पोट दुखतंय," मी म्हणाले.

"बस, ओवा देते."

मी ओवा चावत बसले. विचारलं नाही. का नाही विचारलं ते मला माहीत नाही. उत्तराची भीती वाटली असेल.

संध्याकाळी हे खालून आले आणि मोरीत हात-पाय धूत होते, तेव्हा मी मागे उभी राहून सगळं सांगितलं. सूत, बाटली, वास, घोट्यावरची खूण, काही सोडलं नाही. यांनी तोंड पुसलं, वळले, मान डोलावली आणि म्हणाले, "बरं."

नुसतं "बरं." जेवताना मला विचारतात, "आज गप्प का?"

आईबद्दल ऐकून घ्यायचं नाही, हे मी समजू शकते. पण मुलीबद्दलही नाही?

आता मुद्द्याचं. तू वाढदिवसाला येणारच आहेस. जाताना कांडीला घेऊन जा. शाळेला सुट्टी लागेपर्यंत ती तुझ्याकडे राहू दे, मग मी येते. घरात काय सांगायचं ते मी बघते. हे लिहिताना माझा हात थांबतोय, तरी लिहिते आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी ठेवलं होतं. कांडी बोलत नाही म्हणजे काहीच बोलत नाही. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा मुलगा तिच्याच वयाचा आहे, तो दिवसभर बाबा-मामा-काकाचा कारखाना चालवतो. कांडी ओठ हलवते. मन लावून हलवते, भुवया उंचावते, हात वर करते, पण आवाज काढत नाही. काचेपलीकडून कोणी बोलावं तसं वाटतं. रोज ठरवते की तिच्या पाठीमागे उभं राहून एक टाळी वाजवायची. टाळीच तर वाजवायची आहे. अजून वाजवलेली नाही.

पुढच्या आठवड्यात तिला लशीसाठी डॉक्टरीणबाईंकडे नेते आहे. सासूबाई म्हणतात, "मीपण येणार." आजवर कधी आल्या नव्हत्या. आत्ताच का?

ये लवकर.

तुझी,
धाकटी


रविवार, ३१ मार्च

प्रिय ताई,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. "कपडे धुऊन ठेव, घेऊन जाते" एवढंच, एकही प्रश्न नाही. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. म्हणूनच आता जे लिहितेय ते तुला नीट सांगायला हवं.

आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कांडी माझ्या मांडीवर, सासूबाई माझ्या शेजारी, पण खुर्ची जराशी मागे ओढून बसलेल्या. भिंतीवर माशांचं चित्र होतं, ते बघत. वजन झालं, उंची झाली, डोक्याचा घेर मोजला. बाईंनी लाकडी ठोकळे दिले, ते कांडीने एकमेकांवर आपटले आणि मग रीतसर खाली टाकले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बोलते काय काय?"

मी म्हणाले, "काही नाही." इतका वेळ धरून ठेवलेलं ते दोन शब्दांत संपलं.

बाईंनी ड्रॉवरमधून खुळखुळा काढला. उठून आमच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी कांडीचा हात घट्ट धरला. ताई, मी देवाला काही मागत नाही हे तुला माहीत आहे. त्या वेळी मागितलं.

उजवीकडे वाजला. कांडी वळली. डावीकडे, अगदी हळू. ती वळली. मग बाईंनी नुसता कागद चुरगळला, तरी वळली आणि मला कागद बोटाने दाखवला.

"कान ठणठणीत आहेत," बाई जागेवर बसत म्हणाल्या. "मागांच्या आवाजात झोपते म्हणता, तर पोटात असल्यापासून तोच आवाज ऐकतेय ती. वीज गेली की जागी होत असेल बघा." खरंच होते. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "आता सांगा, दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

"मी शाळेत असते. आजी असतात."

बाईंनी माझ्या खांद्यावरून बघत विचारलं, "काय आजी, काय काय गप्पा चालतात नातीशी?"

सासूबाई मासे बघत होत्या.

"आजी?"

काही नाही. आणि मग कांडीने बाईंकडे बघितलं, आजीकडे बघितलं, माझ्या मांडीवरून पूर्ण वाकली आणि आजीची बाही धरून ओढली. दोनदा. सासूबाई दचकून तिच्याकडे वळल्या. कांडीने बोट केलं ते बाईंकडे. तेव्हा सासूबाईंनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "हो हो, सगळं खाते."

मला सगळं एकदम दिसलं. माझी वर्षाचीही न झालेली मुलगी कुणीतरी हाक मारतंय हे आजीला सांगत होती. आणि हे ती पहिल्यांदा करत नव्हती.

बाहेर बाकावर मी सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. "आई, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"येतं की."

"किती?"

"तू समोर असलीस की येतं." मग म्हणाल्या, "मागावरचं काम सोडलं तेव्हा वाटलं, आता कशी शांतता आहे. मग लक्षात आलं, ही शांतता नव्हे."

लसणीचं तेल त्या स्वतःच्या कानात घालत होत्या. कित्येक महिने. कुणाला कळू नये म्हणून कपड्यांमागे. तेच हात कांडीला लागायचे, म्हणून तिला तो वास. आणि सूत. त्यांनी कनवटीतून ते काढून दाखवलं. एक टोक तिच्या घोट्याला, आणि दुसरं, जे मला त्या दिवशी दिसलं नव्हतं, ते त्यांच्या स्वतःच्या मनगटाला. तिथेही तशीच लाल रेघ आहे. बाहीखाली झाकलेली.

"ती रडली तर मला कळणार कसं?" त्या म्हणाल्या. "हलली की हाताला कळतं. मग तिलाच समजलं. ओढलं की आजी येते. रडायचं कशाला?"

तू विचारशील, इतके दिवस एका घरात राहून आम्हाला कळलं कसं नाही. ताई, हे मागवाल्यांचं घर आहे. इथे सगळेच हातवारे करतात, सगळेच ओठ बघून बोलतात, चार वेळा "काय?" विचारलं तर कोणी मनावर घेत नाही. बहिऱ्या माणसाला लपायला याहून चांगली जागा नाही. आपला आवाज किती मोठा निघतो हे कळेना, लोक दचकायला लागले, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं. नुसते ओठ हलवायचे. कांडी तेच शिकली.

माझा राग गेला असं समजू नकोस. तिथेच बाकावर मी म्हणाले, "शेगडीवर उकळतं पाणी आणि तुमची तिच्याकडे पाठ. सूत तुटलं असतं तर?"

"मी पीळ घातलेलं सूत ओढून तुटत नाही."

"आई, ती आता चालायला लागेल. चालत तुमच्याकडेच आली तर सूत सैल पडेल. मग काय कळणार हाताला?"

त्यांनी कांडीच्या टोपीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. तो पोरीला माझ्याकडून काढून घेईल. माग गेला, कान गेले. हिलाही नेलंत तर दिवसभर भिंत बघत बसू का मी?"

ताई, तुझी चिठ्ठी तेव्हा माझ्या पिशवीत होती.

मला खोटं लपवता येत नाही, हे तू जाणतेसच. मी म्हणाले, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. वाढदिवसाच्या आत." त्यांनी बराच वेळ माझ्या ओठांकडे बघितलं. मला वाटलं, कळलं नाही म्हणतील. पण म्हणाल्या, "सांगते."

आज दुपारी वीज गेली. माग थांबले, घर एकदम ओसाड झाल्यासारखं वाटलं आणि अपेक्षेप्रमाणे कांडी झोळीत उठून बसली. हे खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, एक धोटा घासत बसले होते. सासूबाईंनी मला खूण केली, आता सांगते. मी कांडीला मांडीवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलते. म्हणाले, "आ-ई."

तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. मग तोंड उघडलं आणि आवाज आला. "आ." चांगला खणखणीत. स्वतःच्याच आवाजाने ती दचकली आणि माझी बाही ओढली.

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "बोलली?"

"बोलली."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं, आई." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांच्याही. आणि त्याच वेळी आमची दोघींची नजर खिडकीकडे गेली.

हे धोटा घासत होते.

खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अहो, चहा टाकू?" चहाला नाही म्हणालेला हा माणूस मी कधी पाहिलेला नाही. मान वळली नाही. कांडी पुन्हा "आ" म्हणाली. खांदासुद्धा हलला नाही.

मला मोरीतलं ते "बरं" आठवलं. लग्नापासूनची सगळी "बरं" आठवली. यांनी मान डोलावली की मी होकार समजत आले. त्यातली किती खरी होती आणि किती नुसती डोलावलेली, हे आता मोजत बसले तर वेड लागेल. सासूबाईंवरचा संशय उतरला, पण त्याने फक्त बिऱ्हाड बदललं आहे.

सासूबाई हळूच म्हणाल्या, त्यांना वाटलं तेवढं हळू नव्हतं, "आता आधी कोणी कोणाला सांगायचं?" आणि आम्ही दोघी, एवढ्या सगळ्यात, हसलो. तेव्हा मात्र कांडी उतरली, पलंगाला धरून खिडकीपर्यंत गेली आणि यांची बाही ओढली. हे वळले. तिच्याकडे बघून म्हणाले, "काय गं, काय म्हणतेस?" आम्ही तिघी समोर होतो. सासूबाई खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. पुढचं अजून चालू आहे, मी आत येऊन हे लिहिते आहे.

म्हणून सांगते, कांडीला न्यायला येऊ नकोस. राहायला ये. सुट्टी लागेपर्यंत जमेल तेवढे दिवस राहा, घरात एक बोलणारं आणि ऐकणारं माणूस हवं आहे. ती चालू लागेल तेव्हा तिच्या मागे कोणीतरी असायला हवं. सुताची मला भीती वाटते आणि ते तोडून फेकून द्यायचा धीरही होत नाही. तू आलीस की दोघी मिळून ठरवू.

आणि आलीस की जिन्यातून हाक मारू नकोस. तुझी जुनी सवय आहे, पण इथे ती हाक ऐकणारी बहुतेक वेळ एकटी कांडीच असेल. सरळ वर ये, सासूबाईंच्या समोर जा, त्यांनी तुझ्याकडे बघेपर्यंत थांब आणि मग नमस्कार कर.

कधी येतेस ते कळव. तोवर मी इथे सगळ्यांच्या पाठीमागे उभी राहून बोलायचं सोडते आहे.

तुझीच,
धाकटी